कडुलिंबाखालचा व्हाइस

माझ्याकडे एकवीस व्हाइस आहेत. हे वाक्य मी पाहुण्यांसमोर उच्चारलं की बायको चहा ठेवायला उठते, म्हणजे पुढचं तिला ऐकावं लागत नाही. ज्यांनी व्हाइस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फिटरच्या टेबलाला बोल्टने आवळलेलं हे लोखंडी अवजार. एक जबडा जागचा हलत नाही, दुसरा मागेपुढे सरकतो, मधून आटे पाडलेला जाड दांडा जातो आणि तो फिरवायला आडवी मूठ असते. घासायची किंवा कापायची वस्तू जबड्यांत आवळली की आपले दोन्ही हात मोकळे. आमच्या माजलगावात काही जुने मिस्त्री त्याला बांक म्हणतात. बायको त्याला 'तुमचं ते' म्हणते.

माणसाला हात दोनच असतात, मग जबडे बेचाळीस कशाला, हा तिचा प्रश्न मला आजवर खोडता आलेला नाही. माझे वडील किराणा दुकानदार. दुकानात बसायचं सोडून मी लोखंडात गेलो, तेव्हाच घराने मला वाया गेलेल्यांत धरलं. पुढे साखर कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, तसा मी भंगाराला लागलो. गंजून मुका झालेला व्हाइस ढिगात दिसला की माझा पाय पुढे पडत नाही.

तलवाड्याला एका शेतकऱ्याने व्हाइस जमिनीत पुरून त्याला म्हैस बांधली होती. मी त्याला त्याच्यापेक्षा भक्कम खुंटा ठोकून दिला आणि व्हाइस उपटून आणला. म्हशीने हे सगळं रवंथ करत पाहिलं आणि तिची काही हरकत दिसली नाही. शिरूर कासारहून आणलेल्याचे जबडे मधोमध झिजलेले आहेत, कारण ऊसतोडीला निघायच्या आधी अख्ख्या गावाचे कोयते त्याच्यात आवळून घासले जायचे. असा एकेक व्हाइस आठवडाभर डिझेलात भिजवायचा, हलक्या हाताने ठोकत ठोकत सुटा करायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, आट्यांतली जुनी घाण खिळ्याने कोरून काढायची. भिजवायला मोठी परात लागते. ती घरातलीच असते, आणि तीन दिवस ती का सापडत नाही याचं उत्तर माझ्याकडे तयार असावं लागतं.

पण एकवीस गोळा केले ते एका व्हाइसच्या शोधात. एकोणिसाव्या वर्षी मी एका जिनिंगच्या वर्कशॉपमध्ये काम शिकायला लागलो. तिथल्या मुख्य फिटरला सगळे उस्ताद म्हणत. त्यांचा व्हाइस जुना, बैलाच्या डोक्याएवढा, आणि त्याला हात लावायची परवानगी मिळायला मला चार महिने लागले. मिळाली त्याच दिवशी मी गोल कानस घेऊन एक पट्टी घासायला बसलो. बाहेर कुणाचं तरी भांडण लागलं होतं, माझं लक्ष तिकडे. पट्टी कधीच खाली सरकली होती आणि मी मन लावून उस्तादांचा जबडाच घासत होतो. करंगळी बसेल एवढी खाच पडली. उस्तादांनी एक थप्पड दिली, खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता ह्यो वाईस तुला कुठंबी वळखंल."

पुढे ते जिनिंग बंद पडलं, उस्ताद गेले, सामान कुठल्या कुठे गेलं. लग्नानंतर पहिल्या वर्षातच ही गोष्ट मी बायकोला सांगितली. नंतर दरवर्षी दोनतीनदा सांगत राहिलो. ती ऐकते आहे की नाही, हे मी कधी पाहिलं नाही.

आमची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असं ठरलं आणि माझ्या राज्यावर संकट आलं. मागची खोली म्हणजे माझं वर्कशॉप. हवा यायला तीच एक खोली बरी. बायको एक दिवस दारात उभी राहिली, एकवीस व्हाइसांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, की बाळाने पहिला श्वास डिझेलचा घ्यावा असं तुम्हाला वाटत असेल तर तसं लेकीला कळवा. मी आठ दिवसांत सगळं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं. कंबर धरली, पण खोली मोकळी केली, भिंतींना चुना दिला.

तरी तिचा विश्वास बसेना. बाविसावा येईल आणि तो आधी खोलीच्या कोपऱ्यात 'दोन दिवसांसाठी' बसेल, हे तिला पाठ होतं. तिने मला देवघरासमोर बसवून बेलभंडार उचलायला लावला. आमच्या घरात बेलभंडार हातात घेऊन बोललेला शब्द म्हणजे शेवट. त्यातून वडीलसुद्धा कधी फिरले नाहीत, आणि ते तागडीवरचे दुकानदार होते. मी शपथ घेतली, की या घराच्या फाटकाच्या आत मी आणखी एक व्हाइस आणणार नाही. ती समाधानाने उठली. मीही समाधानाने उठलो, कारण बोलताना मी 'फाटकाच्या आत' हे शब्द जपून वापरले होते.

लेक सातव्या महिन्यात आली. त्यानंतर नऊच दिवसांनी मोंढ्याच्या मागच्या भंगारवाल्याकडे मला तो दिसला. एका मोडक्या रहाटाखाली पडलेला, गंजाने लाल झालेला. मी सवयीने जबड्यावरून बोट फिरवलं आणि करंगळी खाचेत गेली. मी तिथेच खाली बसलो. भंगारवाल्याला वाटलं मला चक्कर आली, त्याने पाणी आणलं. मला खरंच रडू आलं होतं, पण पाणी तोंडावर मारून घेतल्यामुळे ते खपून गेलं.

आता न्यायचा कुठे? आमच्या फाटकाबाहेर, भिंतीला लागूनच, एक मोठा कडुलिंब आहे. त्याच्या बुंध्याशी एक सपाट दगड, पूर्वी कुणी त्यावर कपडे आपटायचं. फाटकापासून दहा पावलं बाहेर. म्हणजे शपथ शाबूत. मी व्हाइस सुटा केला. दांडा, मूठ आणि सरकता जबडा गोणपाटात गुंडाळून शेडमधल्या रिकाम्या कणगीत लपवले. अखंड व्हाइस आत येत नाही, त्याचे तुकडे येतात, आणि तुकड्यांबद्दल शपथेत काही नव्हतं. पंचवीस किलोचं धूड मात्र दगडावर ठेवलं आणि बायको झोपलेली असेल अशा दुपारी जाऊन घासू लागलो. चौथ्या दुपारी गंज सगळा निघाला. श्रावणाची हवा, उघडं लोखंड संध्याकाळपर्यंत परत गंजलं असतं. तांबडा प्रायमर संपला होता. डब्याच्या तळाशी कारखान्याच्या काळातला जुना नारिंगी प्रायमर उरला होता, तो सगळा फासून टाकला. वाळायला ठेवून घरी येऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार होता. सकाळी फाटक उघडून पाहतो, तर माझ्या व्हाइसवर हळदीकुंकू, जास्वंदीची दोन फुलं, आणि समोर फोडलेला नारळ. महादेवाला निघालेल्या गल्लीतल्या बायका ओळीने थांबत होत्या, हात जोडत होत्या आणि पुढे जात होत्या.

प्रायमर अजून ओला होता. जिने तिने लावलेलं कुंकू त्यात घट्ट बसत होतं. ते पाहून माझ्यातला फिटर आधी कळवळला, मग माझ्या लक्षात आलं की प्रकरण रंगाच्या पुढे गेलं आहे. दुपारपर्यंत गल्लीच्या ग्रुपवर फोटो आला, खाली चाळीस हात जोडलेले. संध्याकाळी पलीकडच्या वस्तीवरचे धनगरबाबा शेळ्या घेऊन आले. ते रोज शेळ्या त्याच लिंबाखाली बसवतात. त्यांनी काठीच्या टोकाने देवाला हलकेच ठोकून पाहिलं, टणकन आवाज आला, आणि ते म्हणाले की हा म्हसोबा आहे आणि लोखंडी आहे, म्हणजे कडक आहे. त्या दिवसापासून शेळ्या दहा हात लांब बसू लागल्या.

मी तो परत मिळवायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. बुधवारी भर दुपारी गोणी घेऊन गेलो. देवाला कवेत घेतलं आणि उचलणार, इतक्यात समोरच्या वहिनी लोटाभर पाणी घेऊन आल्या. कवेत घेतलेला देव सोडवेना आणि सोडल्याशिवाय इलाज नव्हता. मी कपाळ टेकवलं आणि उठून पाच प्रदक्षिणा घातल्या. वहिनींनी हे गल्लीभर सांगितलं. काका आता सुधारले, असं लोक म्हणू लागले.

मग मी सरळ खरं बोलायचं ठरवलं. शनिवारी सकाळी आठदहा माणसं जमलेली असताना मी सांगितलं, की बाबांनो, हा व्हाइस आहे, माझा आहे, रंग मी दिला आहे. एकीने जबड्यावरच्या खाचेकडे बोट दाखवलं आणि विचारलं, मग ही जखम कशाची? पूर्वी नांगराचा फाळ लागून देवाला ही जखम झाली, असं तोवर ठरलं होतं. मी म्हणालो, ती माझ्या कानशीची आहे. यावर दोघी कानांवर हात ठेवून मागे सरकल्या. तेवढ्यात बायको फाटकातून बाहेर आली. मला वाटलं, ही तरी साक्ष देईल. पस्तीस वर्षं तीच गोष्ट ऐकली आहे.

ती सगळ्यांना शांतपणे म्हणाली, "ह्यांचं मनावर घेऊ नका. ह्यांना लोटा दिला तरी वाईस दिसतो. निवृत्तीपासनं असंच हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. धनगरबाबांनी तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी घरात येऊन बसलो. राग आला होता, पण कुणावर काढायचा तेच कळेना. रंग मीच दिलेला, जागा मीच निवडलेली, आणि शपथेतले शब्दही मीच तोलूनमापून घेतलेले.

असा महिना गेला. रोज सकाळी मी फाटकातून उस्तादांचा व्हाइस पाहायचो. त्याच्यावर तेल, कुंकू, तांदूळ यांचा थर चढत होता. तेलामुळे गंज चढणार नाही, एवढीच तसल्ली. ज्यासाठी निवृत्तीपासून भंगार उपसलं तो दहा पावलांवर होता आणि मला त्याच्यात एक खिळाही आवळता येत नव्हता. लेक मात्र खूश होती. पोटावर हात ठेवून संध्याकाळी लिंबापर्यंत चालत जायची आणि परत यायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं.

भाद्रपदात एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या, दिलेल्या तारखेच्या बरंच आधी. गावातल्याच दवाखान्यात नेलं. जावई परभणीहून निघाला होता. दुपारी एकच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, बाळाचे ठोके कमी होत आहेत, लगेच ऑपरेशन करावं लागेल. बायको भिंतीला टेकून उभी होती, तिने फक्त मान हलवली. मला जुने कागद आणि सोनोग्राफीची फाइल आणायला घरी पिटाळलं.

फाइल घेऊन मी फाटकातून बाहेर पडलो आणि माझी स्कूटर लिंबापाशी थांबली. मी थांबवली असं म्हणवत नाही. उन्हात तो नारिंगी गोळा चकाकत होता. मला त्याचा सगळा इतिहास माहीत होता. तो ओतीव लोखंडाचा आहे, रंग प्रायमरचा आहे, जखम माझी आहे. हे सगळं माहीत असूनही मी स्टँडही न लावता गाडी झाडाला टेकवली, चपला काढल्या आणि गुडघ्यांवर बसलो. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. मी म्हणालो, दोघं सुखरूप सुटू देत, मी तुला कधीच परत मागणार नाही, तुझ्या मुठीला हात लावणार नाही, तुझ्यात काही आवळणार नाही. तू इथं देवच राहा. नवस बोलताना मी शब्द तोललेमापले नाहीत.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बायको त्याच भिंतीला टेकून होती, डोळे मिटून. तिचे ओठ हलत होते. थोड्या वेळाने नर्स बाहेर आली. नात झाली होती. अडीच किलोची, आणि रडण्याचा आवाज मात्र दोघींएवढा. लेकही बरी होती. बायको मटकन बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्या शेजारी बसून फाइल उलटीसुलटी करत राहिलो.

बाराव्या दिवशी बारसं. सकाळीच बायकोने गल्लीतल्या बायकांना बोलावून सांगितलं, की तिने देवाला नवस बोलला होता, लेक आणि बाळ सुखरूप घरी आली तर तुला घरात आणून मानाने जागा देईन. दवाखान्यात भिंतीला टेकून ती हेच बोलत होती तर. नवस म्हटल्यावर कुणाची हरकत चालत नाही. देव बसला होता तो सपाट दगड बायकांनी लिंबाखाली राहू दिला, त्याला शेंदूर लावला आणि म्हसोबा तिथेही आहे असं ठरलं. चार बाप्यांनी व्हाइस उचलला. पुढे एकजण हलगी वाजवत होता. मी मागून हात जोडून चालत होतो. ज्या फाटकातून मी त्याला आणायचा नाही अशी शपथ होती, त्याच फाटकातून तो वाजतगाजत आत आला, आणि आणणारा मी नव्हतो. बायकोने तो देवघरात नेला नाही. तिने सरळ शेडचं दार उघडलं आणि माझ्या टेबलावर ठेवायला लावला.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी ती बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांच्या तयारीला लागली. खारीक फोडायचं काम फार चिवट. खलबत्त्यात ती उडून जाते, अडकित्त्याने हात भरून येतो. मी शेडमध्ये व्हाइससमोर नुसता बसलो होतो. ती खारकांचं ताट घेऊन आली, ते टेबलावर ठेवलं आणि कणगीकडे गेली. आत हात घालून तिने गोणपाटाचं गाठोडं काढलं. दांडा, मूठ, सरकता जबडा.

"बसवा की हे. खारका आवळून फोडायच्या हायत."

मी हात मांडीवरच ठेवले. ती पाहत राहिली. एकवीस व्हाइसांसाठी तिची परात पळवणारा माणूस बाविसाव्याला हात लावत नाही, म्हणजे याला बरं नाही, असं तिला वाटलं असावं. मग मला सांगावंच लागलं. भरदुपारी लिंबाखाली काय बोललो ते सगळं.

ती खारकांच्या ताटाशेजारी बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "पहिलं हळदीकुंकू म्याच लावलतं. त्या सोमवारी पहाटं उटून. खाच बघितली न् वळखला. तुमी फाटकाच्या भाईर ठिवला, मंग मी त्यो भाईरच ऱ्हाईल अशी सोय केली."

मी विचारलं, मग नवस कशाला बोललीस, तुला तर ठाऊक होतं ना तो काय आहे ते. "तुमालाबी ठावं होतं की," ती म्हणाली.

घरातून बाळाचा आवाज आला, लेकीने तिला थोपटलं, आवाज थांबला. बायकोने पदर खोचला, दांडा उचलला आणि कुठून घालायचा असं विचारलं. नवस माझा होता, तिचा नव्हता. बोलू नये असं काही मी कबूल केलं नव्हतं, म्हणून मी बसल्या जागेवरून सांगत गेलो. आधी जबडा सरकव, मग दांडा, आता उजवीकडे फिरव, हळू, आटे चुकतील. चुकले नाहीत. पहिल्याच फेऱ्यात बसले. इतकी वर्षं मी तिला व्हाइसबद्दल सांगत आलो, पण तिच्या हातात मूठ कधी दिली नव्हती.

पहिली खारीक जबड्यांतून निसटून माझ्या कपाळावर आली. दुसरी सुद्धा. तिने तिसरी घेतली, जबड्यावरून बोट फिरवलं आणि ती खाचेत उभी धरली. मूठ फिरवली. खारीक जागची न हलता कटकन फुटली आणि बी सुटं झालं. तिने ताट जवळ ओढलं आणि एकामागून एक सगळ्या त्याच खाचेत फोडल्या. त्या खाचेसाठी मला थप्पड बसली होती. उस्ताद असते तर मी त्यांना बोलावून दाखवलं असतं.